गवई हळूहळू उठून जातो: ब्रायन एनोचं सत्तरचं दशक

पंखे बंद करायला लावले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. उकडतंय, कळतंय मला. पण आज पहिल्यांदा जे ऐकवणार आहे ते जेमतेम दीड मिनिटाचं आहे, आणि इतकं दबकत येतं की पंख्याच्या घरघरीत त्याची सुरुवात हातची निसटते. तेवढं ऐकू या, मग बोलते.

ऐकलंत? गिटार, ऑर्गन, पियानो, बाकी काही नाही. सुरू नेमकं कधी झालं ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि संपलं कधी तेही नाही. खिडकीबाहेरून कुणी दिवा घेऊन चालत जावं आणि आपण तेवढंच पाहावं, असं काहीसं. ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’ या 1975 सालच्या अल्बमचा हा शीर्षक-तुकडा. बीबीसीच्या ‘अरीना’ या कार्यक्रमाची हीच धून होती, त्यामुळे इंग्लंडमध्ये ज्यांनी एनोचं नावही ऐकलेलं नाही त्यांच्याही कानांत ती बसलेली आहे.

आजचा विषय तुम्हाला पत्रिकेवरून माहीत आहे. ब्रायन एनो या इंग्लिश संगीतकाराचे सत्तरच्या दशकातले अल्बम शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्यातला आपला कुठला, ते सांगायचं. माझं उत्तर मी आत्ताच वाजवून दाखवलं. पण ते उत्तर का, हे सांगायला मला तास लागणार आहे, कारण हा माणूस त्या दहा वर्षांत एका जागी थांबलाच नाही. दशकाच्या सुरुवातीला तो पिसांचे कपडे, डोळ्यांना रंग अशा थाटात रंगमंचावर उभा आहे, आणि शेवटी विमानतळासाठी असं संगीत करतो आहे ज्यात तो स्वतः जवळजवळ कुठेच नाही. भर मैफलीतून गवयाने हळूहळू उठून जावं, तसा हा प्रवास आहे. आधी गाणं सोडलं, मग वाजवणं सोडलं, मग पुढचा सूर कुठला हे ठरवणंही सोडलं. आपल्याला तो कुठल्या पायरीवर असताना सगळ्यात जवळचा वाटतो, एवढाच खरा प्रश्न आहे.

मी रेकॉर्डिस्ट आहे, समीक्षक नाही. 1985 साली दादरच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत साहाय्यक म्हणून लागले. जाहिराती, श्रुतिका, भक्तिगीतं, येईल ते काम. पहिल्याच पावसाळ्यातली गोष्ट सांगते, कारण एनो मला कळला तो तिथून, त्याचं नाव ऐकण्याच्याही आधी.

एका श्रुतिकेला पाऊस हवा होता, सलग दहा मिनिटं. आमच्याकडे चांगला पाऊस होता फक्त बारा सेकंदांचा. आमच्या मुख्य रेकॉर्डिस्टनी तेवढी टेप कापली. टेप सरळ कापायची नसते, तिरकी कापायची असते, म्हणजे सांधा मशीनच्या हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, जाताना टक्क असा आवाज येत नाही. दोन्ही टोकं जोडली, झाला लूप. सेकंदाला 19 सेंटिमीटर या वेगाने बारा सेकंद म्हणजे सव्वादोन मीटरांहून लांब टेप. ती मशीनवर मावणार कुठे? मग मी मशीनपासून मीटरभर अंतरावर उभी, हातात उभी धरलेली पेन्सिल, आणि पेन्सिलीला वळसा घालून टेप गरगर फिरते आहे. हात हलला की सूर हलतो, म्हणून श्वाससुद्धा बेतानं.

सहाव्या-सातव्या फेरीला मला एक थेंब ओळखीचा झाला. पत्र्यावर पडलेला, बाकीच्यांपेक्षा जरा टणक. दर बारा सेकंदांनी तो यायचा. एकदा कानात बसल्यावर पाऊस ऐकूच येईना, नुसता तो थेंब. मी तसं सांगितलं. सर काही बोलले नाहीत. त्यांनी पावसाचा आणखी एक तुकडा घेतला, सतरा-अठरा सेकंदांचा, त्याचा दुसरा लूप केला आणि दुसऱ्या मशीनवर लावला. दोन्ही पाऊस एकत्र केले. थेंब गेला. म्हणजे होता तिथेच, पण आता दर वेळी त्याच्या शेजारी दुसरंच काही पडत होतं, त्यामुळे ओळख पटेना. पाऊस पुन्हा पाऊस झाला.

हे मनात ठेवा. पुढे लागणार आहे.

एनोचा जन्म 1948 चा, इंग्लंडच्या सफोक परगण्यातला. वडील पोस्टमन. शिकला चित्रकला, इप्सविच आणि विंचेस्टरच्या कलाशाळांत. वाद्य कुठलंच धड शिकला नाही, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. त्याच्या हातात लहान वयात आलं ते टेपरेकॉर्डर. चित्रकाराने कॅनव्हासकडे बघावं तसं तो टेपकडे बघायचा: थर द्यायचा, खरवडायचा, उलटा करून बघायचा.

‘रॉक्सी म्युझिक’ या बँडमध्ये तो 1971 ला आला. सिंथेसायझर सांभाळायचा, इतर वाद्यांचे आवाज त्यातून काढून विकृत करायचा. दोन अल्बम झाले, नाव झालं, आणि 1973 मध्ये बाहेर पडला. बँडचा गायक ब्रायन फेरी याच्याशी पटत नव्हतं हे खरंच. पण त्याने स्वतः सांगितलेलं कारण मला जास्त खरं वाटतं. रंगमंचावर उभा असताना आपल्या मनात धुवायच्या कपड्यांचा विचार चालू आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

त्यानंतरचा त्याचा पहिला स्वतःचा अल्बम ‘हिअर कम द वॉर्म जेट्स’. सप्टेंबर 1973 मध्ये लंडनच्या मॅजेस्टिक स्टुडिओत बारा दिवसांत केला, 1974 च्या सुरुवातीला आला. सोळा वादक बोलावले, आणि मुद्दाम असे बोलावले की ज्यांची जात जुळणार नाही. फेरी सोडून रॉक्सी म्युझिकचे त्याचे जोडीदार, किंग क्रिमझन या बँडचे रॉबर्ट फ्रिप आणि जॉन वेटन, हॉकविंड या बँडचा ड्रमर. एनो त्यांना स्वर सांगू शकत नव्हता, म्हणून हातवारे करायचा, नाचून दाखवायचा. शब्दही आधी नव्हते. तालावर अर्थ नसलेली अक्षरं गात जायचं, मग टेप ऐकून त्यातून शब्द उकलायचे.

यातल्या ‘बेबीज ऑन फायर’ मध्ये फ्रिपची गिटार तीनेक मिनिटं जी सुटते, ती ऐकताना आजही माझे हात आवाज आवरायच्या कॉन्सोलकडे जातात, कुणीतरी आवर घाला म्हणून. अल्बम भन्नाट आहे. इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत 26 व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि त्याच्या स्वतःच्या गाण्यांच्या अल्बमांना तसा मान त्या दशकात पुन्हा मिळाला नाही. पण मी तो वर्षातून एकदाच लावते. सगळे एकदम बोलताहेत अशा पंगतीत बसल्यासारखं होतं. जेवण उत्तम असतं, उठल्यावर कान सुन्न असतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आला ‘टेकिंग टायगर माउंटन’. एका चिनी क्रांतिकारी ऑपेराच्या पोस्टकार्डांवरून नाव घेतलं. वादक कमी केले, घडण पक्की झाली. एका गाण्यात टाइपरायटरचा खडखडाट ताल म्हणून वाजतो. दुसऱ्यात पोर्ट्समथ सिंफोनिया आहे. या वाद्यवृंदाबद्दल सांगायलाच हवं: कलाशाळेतल्या मंडळींनी काढलेला, ज्यांना वाजवता येत नाही किंवा जे वाद्य येत नाही तेच वाजवायचं असा त्याचा नियम, आणि प्रत्येकाने मनापासून नीट वाजवायचा प्रयत्न करायचा. एनो त्यात क्लॅरिनेट वाजवायचा. त्या तंतुवाद्यांचा आवाज ऐकलात तर बेसूर आहे, पण त्यात खोटेपणा नाही. लहान मूल लक्ष देऊन अक्षर काढतं तसा आहे.

हा अल्बम हुशार आहे, आणि मला तो थोडा थंड वाटतो. तरी त्यातली एक जागा मी कधीही विसरणार नाही. तबकडीची पहिली बाजू संपते तिथे शेवटची चर बंद केलेली आहे. सुई पुढे जात नाही, त्याच चरीत फिरत राहते, आणि रातकिड्यांसारखी किरकिर चालू राहते. तुम्ही उठून सुई उचलेपर्यंत. गाणारा केव्हाच गेलेला आहे, तबकडी एकटीच वाजते आहे. 1974 सालीच त्याने दार किलकिलं करून ठेवलं होतं.

मग आलं 1975. एवढी उपज मी फार कमी लोकांच्या एका वर्षात पाहिली आहे.

जानेवारीत त्याला एका टॅक्सीने उडवलं. घरी अंथरुणाला खिळून होता. ज्युडी नायलन ही मैत्रीण भेटायला आली, अठराव्या शतकातल्या हार्प-वादनाची तबकडी घेऊन. ती गेल्यावर एनोने कसंबसं उठून तबकडी लावली. एनो लिहितो, आवाज फार कमी होता, एका बाजूचा स्पीकर चालत नव्हता, बाहेर पाऊस होता, आणि मला पुन्हा उठायचं त्राण नव्हतं. नाइलाजाने तसंच ऐकलं. पावसातून मधूनच वर येणारे हार्पचे सूर, बाकी सगळं पावसाखाली. आणि त्याला वाटलं, असंही ऐकता येतं की. नायलन पुढे म्हणाली की हा योगायोग नव्हता, तिनेच पावसाच्या अंदाजाने आवाज बेतून लावला होता. माझा कल तिच्याकडे आहे. कमी आवाजात लावणं ही नजरचूक क्वचितच असते, त्यामागे कुणाचा तरी कान असतो.

यातून उभं राहिलं ‘डिस्क्रीट म्युझिक’. पहिल्या बाजूला एकच तुकडा, अर्ध्या तासाचा. मांडणी त्याने तबकडीच्या मागे आकृती काढून छापली, जसं पूर्वी रेडिओच्या मागे सर्किट चिकटवलेलं असायचं. सिंथेसायझरमध्ये दोन साधे सूरसमूह, वेगवेगळ्या लांबीचे. त्यांचा आवाज पहिल्या टेप मशीनवर मुद्रित होतो, तीच टेप पुढे दुसऱ्या मशीनवर जाऊन वाजते, आणि ते वाजलेलं पुन्हा पहिल्या मशीनकडे येतं. दोन मशीनांमधलं अंतर जितकं, तितक्या उशिराने प्रतिध्वनी. एकदा चालू केलं की एनोला करायचं फार थोडं उरलं. फ्रिपला मैफलीत वर गिटार वाजवायला मागे काहीतरी हवं होतं, त्यासाठी म्हणून हे केलं होतं.

ही दोन मशीनांची युक्ती एनोच्या आधी टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने वापरली होती. आणि रायली, तसाच ला माँट यंग, हे दोघं 1970 पासून पंडित प्राणनाथांचे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला येऊन राहिले, ज्यांच्या परंपरेतल्या सवाई गंधर्वांच्या नावाने आपण पुण्यात थंडीत रात्री जागवल्या, त्याच घराण्याचे. एनोने तरुणपणी ला माँट यंगची एक रचना स्वतः वाजवली होती. तेव्हा ‘डिस्क्रीट म्युझिक’ किराण्यातून आलं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण एका सुराजवळ बसून राहण्याची सवय ज्या लोकांनी तिकडे रुजवली, त्यांचे पाय इकडे लागलेले होते, एवढं नक्की.

म्हणून असेल, आपल्या कानांना हा तुकडा अवघड जात नाही. जवारी नीट लागलेला तानपुरा ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्यात राहता येतं. माझ्या आईला मी एकदा तो ऐकवला होता. तिने पाच-सात मिनिटं ऐकलं आणि विचारलं, “छान लागलाय गं, पण गवई कधी येणार?” मी म्हटलं, आई, तो येणारच नाहीये. ती बराच वेळ गप्प बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, “मग आपणच मनात गायचं का?” मी या संगीतावर बरंच काही वाचलं आहे. याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही.

आणि त्याच वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये, लंडनच्या आयलंड स्टुडिओत ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’ झाला.

मला हा मिळाला कॅसेटवर. स्टुडिओतल्या एका सहकाऱ्याने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिला होता. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला 1977 चा ‘बिफोर अँड आफ्टर सायन्स’. दोन्ही चाळीस मिनिटांच्या आसपासचे, त्यामुळे चपखल बसले. लोकल ट्रेनमध्ये वॉकमनवर वर्षानुवर्षं मी एक बाजू संपली की दुसरी लावत असे. म्हणून या दोन अल्बमांची तुलना माझ्यासाठी कॅसेट उलटण्यासारखी आहे, आणि मी ती हजारदा तरी उलटली असेल.

‘अनदर ग्रीन वर्ल्ड’ ला एनो स्टुडिओत गेला तो जवळजवळ मोकळ्या हाताने. रचना तयार नव्हत्या. स्टुडिओचं भाडं चालू, वादक बसलेले, आणि पहिले काही दिवस हाताला काहीच लागेना. हे किती भीतीदायक असतं, ते ज्यांनी तासावर पैसे भरून रेकॉर्डिंग केलंय त्यांना विचारा. मदतीला होते पत्ते. चित्रकार मित्र पीटर श्मिटबरोबर त्याने शंभरावर कार्डांचा एक जोड केला होता, 1975 मध्येच छापला. अडलं की एक कार्ड काढायचं आणि त्यावर जे असेल ते करायचं. एका कार्डाचा आशय असा, की झालेली चूक हा आपलाच लपलेला हेतू समजून तिचा मान राख. फिल कॉलिन्स ड्रम वाजवायला होता, त्याने आठवण सांगितली आहे: एनोने सगळ्यांना आकडे लिहिलेले कागद वाटले, अमुक आकड्याला अमुक सूर, तमुक आकड्याला तमुक.

चौदा तुकडे आहेत. त्यातल्या फक्त पाचांत एनो गातो. हा हिशेब माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या दोन अल्बमांत तो जवळजवळ सतत गातो. ‘डिस्क्रीट म्युझिक’ मध्ये गाणं नाहीच. इथे पाच आणि नऊ. म्हणजे तुम्ही चालत आहात, झाडी आहे, पाणी आहे, माणूस नाही, आणि मग अचानक एका वळणावर कुणीतरी भेटतं, दोन वाक्यं बोलतं, पुन्हा रस्ता मोकळा. त्या पाच गाण्यांमुळे उरलेल्या नऊ जागा ओसाड वाटत नाहीत. इथे माणसांची ये-जा आहे, हे कळलेलं असतं.

त्या पाचांतलं ‘सेंट एल्मोज फायर’ घ्या. यात फ्रिपची गिटार आहे, आणि एनोने त्याला सांगितलं ते असं, की विम्शर्स्ट यंत्राच्या दोन गोळ्यांमध्ये ठिणगी उडते तसं वाजव. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ते यंत्र होतं, काचेच्या दोन चकत्या उलट्या दिशांनी फिरणारं. हँडल फिरवलं की चटकन निळी रेघ. फ्रिप तंतोतंत तेच वाजवतो. ‘बेबीज ऑन फायर’ मधली त्याची आग आणि ही ठिणगी, मध्ये वर्ष-दोन वर्षांचं अंतर आहे. वाजवणारा तोच. बदलला आहे तो सांगणारा. तिथे त्याने गिटारला मोकळं सोडलं होतं, इथे तिला आकार दिला.

आता ‘द बिग शिप’ ऐकू या. तीन मिनिटं आहे, यात एनोशिवाय कुणीच नाही. आवाज थोडा वाढवते.

काय काय ऐकलंत? खाली एक तालयंत्र. स्वस्तातलं, हॉटेलात ऑर्गनवाल्यांकडे असायचं त्या जातीचं. त्याचा आवाज गाळून, दाबून असा केलाय की ते दूर कुठेतरी चाललेलं इंजिन वाटतं. त्यावर सिंथेसायझरचे सूर, तेच, पुन्हा पुन्हा. दर फेरीला वर एक थर चढतो. रागात बढत होते तशी ही बढत नाही, स्वर नवे येत नाहीत. वाढतो तो नुसता आकार, धुक्यातून बोट जवळ येताना मोठी होते तसा. आणि अगदी जवळ आली, आता दिसणार, असं वाटतं तेवढ्यात ती विरते. मी यात कित्येकदा रडले आहे. कशासाठी, ते नीट सांगता यायचं नाही. यातल्या एकाही थराला वादनाचं कौशल्य लागत नाही, आमच्या स्टुडिओतला कुणीही ते वाजवू शकला असता. फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, कुठल्या क्षणी किती वर न्यायचा, एवढीच त्यातली विद्या आहे. आणि ती विद्या हीच माझी रोजी-रोटी होती, म्हणून मला ठाऊक आहे, ती किती दुर्मीळ असते.

हा अल्बम निघाला तेव्हा विक्रीच्या यादीत कुठेही नव्हता. मुखपृष्ठावर टॉम फिलिप्स यांच्या चित्राचा भाग आहे, इप्सविचचे त्याचे शिक्षक.

कॅसेट उलटते. ‘बिफोर अँड आफ्टर सायन्स’, डिसेंबर 1977. याला दोन वर्षं लागली, शंभरावर तुकडे मुद्रित करून त्यातले दहा ठेवले. माझ्या मते ते दोन वर्षांचं ओझं पहिल्या बाजूवर जाणवतं. तिथली गाणी चपळ, घोटीव आहेत. ‘किंग्ज लीड हॅट’ हे नाव म्हणजे ‘टॉकिंग हेड्स’ या बँडच्या नावाची अक्षरं फिरवून केलेलं, ज्यांच्याबरोबर तो लगेचच पुढे काम करणार होता. वाजवतात सगळे अप्रतिम. पण दर वेळी मला वाटतं, यांना कुणी कागदावर आकडे लिहून दिलेले नाहीत, यांना आता सगळं येतंय.

दुसरी बाजू मात्र वेगळीच आहे. पाच तुकडे, सगळे संथ. एनो पुन्हा गातो, पण कसा? खालच्या पट्टीत, जवळजवळ स्वतःशी. ‘बाय धिस रिव्हर’ मध्ये जर्मनीच्या ‘क्लस्टर’ या जोडीतले मोबियस आणि रोडेलियस त्याच्याबरोबर आहेत. पियानोचे मोजके सूर, नदीकाठी बसलेले दोघं, बोलायला काही उरलेलं नाही. हे पाच तुकडे एकटे असते तर मला आज कौल देणं कठीण गेलं असतं. पण अल्बम म्हणजे सबंध वस्तू. ‘सायन्स’ मध्ये गजबज एका बाजूला आणि शांतता दुसऱ्या बाजूला, मध्ये तबकडी उलटायला उठावं लागतं. ‘ग्रीन वर्ल्ड’ मध्ये ती एकाच वाटेवर भेटत राहतात. मला दुसरं हवं असतं.

या काळात तो डेव्हिड बोवी या गायकाबरोबर बर्लिनलाही होता. ‘लो’ आणि ‘हीरोज’ हे एनोने केलेले अल्बम असं बरेच जण समजतात. निर्माते स्वतः बोवी आणि टोनी व्हिस्कॉन्टी होते. एनो सहकारी होता, मोलाचा होता, पण श्रेय ज्याचं त्याला द्यावं. रेकॉर्डिंग रूममधल्या माणसांची नावं आधीच फार गळतात.

आणि शेवटची पायरी, 1978, ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’. कोलोन-बॉनच्या विमानतळावर बसलेला असताना त्याला सुचलं, की इतकी देखणी इमारत आणि लावलेलं संगीत मात्र असं, जणू आपण मरणार नाही याची खात्री करून देणारं. त्याला असं संगीत करायचं होतं, जे ऐकलं तर रंजक असेल आणि दुर्लक्ष केलं तरी चालेल. चार तुकडे, नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. पहिल्यात रॉबर्ट वायटचा पियानो आहे. सगळे मिळून वाजवत असताना एका ठिकाणी दोन पियानोंची बोटं आपसूक एकमेकांत गुंतली. एनोने तेवढा तुकडा शोधला, कापला, वेग निम्मा केला आणि फिरवत ठेवला.

दुसऱ्या तुकड्यात नुसते मानवी आवाज, एकेक लांब सूर. प्रत्येक सुराचा वेगळा लूप. टेप इतक्या लांब, की कॉनी प्लांक या जर्मन निर्मात्याच्या स्टुडिओत ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांच्या पायांना वळसे घालून फिरवल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझी पेन्सिल आठवली. लूपांची लांबी मुद्दाम अशी, की जुळू नयेत. पुढे एका भाषणात त्याने ढोबळ आकडे सांगितले: एक सूर दर साडेतेवीस सेकंदांनी, दुसरा पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश, तिसरा एकोणतीस पूर्णांक पंधरा सोळांश. मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. फक्त हे तीन लूप एकदम सुरू केले, तर ते पुन्हा बरोबर एकत्र कधी येतील? जवळजवळ 27 दिवसांनी. आपल्या भाषेत, सम येते ती 27 दिवसांनी. तेवढा वेळ न झोपता बसला, तरी ओळखीचा थेंब कुणाला सापडायचा नाही.

हा अल्बम सगळ्यात महत्त्वाचा आहे, यात मला शंका नाही. ‘अँबियंट’, म्हणजे भोवतालात मिसळणारं, हा शब्द त्याने यावर छापला आणि एक अख्खं क्षेत्र उभं राहिलं. पण महत्त्वाचा आणि आवडता यांत मी गल्लत करणार नाही. गवई उठून जाण्याबद्दल बोलायचं तर मला ‘डिस्क्रीट म्युझिक’ जास्त जवळचं आहे. तिथे तो नुकताच उठलाय, बैठकीवर अजून ऊब आहे. ‘एअरपोर्ट्स’ मध्ये बैठक झाडून, सतरंजी गुंडाळून ठेवलेली आहे. फक्त वायटच्या पियानोत एका माणसाच्या बोटांचा संकोच शिल्लक आहे, म्हणून चारांतला तोच तुकडा मी पुन्हा पुन्हा लावते.

आणि ‘अनदर ग्रीन वर्ल्ड’ मध्ये तो दारात उभा आहे. एक पाय आत, एक बाहेर. आतलं गाणं त्याला अजून येतंय, बाहेरचा पाऊसही ऐकू येतोय. त्याने कुठलं तरी एक निवडायला हवं होतं, आणि पुढे निवडलंही. त्या चाळीस मिनिटांत मात्र निवडलेलं नाही.

प्रश्न असतील तर बाहेर विचारा, चहा तयार आहे असं मला मघाशीच खुणेने सांगितलं गेलंय. जाता जाता ‘डिस्क्रीट म्युझिक’ लावून ठेवते. आवाज वाढवायला सांगू नका. एनोने एरिक साती या फ्रेंच संगीतकाराचा दाखला देऊन लिहिलं होतं, की जेवणाच्या टेबलावरच्या सुऱ्या-काट्यांच्या आवाजात मिसळेल असं संगीत सातीला हवं होतं. आपल्याकडे कपबशा आहेत, त्या वाजू देत. खुर्च्या सरकवा, बोला. आणि कुणीतरी आता ते पंखे लावा.